एकशे बारा पाठकोरे कागद

बाजारात कुणी हातात पत्रक दिलं तर ते तुम्ही कधी उलटून पाहता का?

खरं सांगा. उलटायचं राहू द्या, पुढची बाजू तरी वाचता का? बहुतेक जण वाचत नाहीत, मला माहीत आहे. चार पावलं पुढे गेलं की पत्रक भज्यांखाली जातं, नाहीतर पिशवीत मिरच्यांवर झाकण होतं. हे मी रागाने सांगत नाही. म्हणजे रागानेच सांगते आहे, पण तो राग तुमच्यावर नाही.

माझी बाराखडी पत्रकांवर झाली. बाबा गठ्ठे छापून आणायचे आणि मी जमिनीवर पालथी पडून ठळक अक्षरांवरून बोट फिरवायचे. मला लिहिता आलेला पहिला शब्द ‘जाहीर’ आणि दुसरा ‘निषेध’. आई सांगते, ताटात कारलं आलं की हे दोन्ही शब्द मी एका दमात म्हणायचे. पुढे मी लिहायला लागले आणि बाबा वाटायला लागले. आमच्या घरात खायला-प्यायला कधी कमी पडलं असेल, मागण्या कमी पडल्या नाहीत.

आई मात्र काही मागत नाही. आई विणते. आमचं घर पवनीत, आणि घराचा अर्धा भाग तिच्या मागाचा. खड्ड्याचा माग आहे. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून ती बसते, पायांनी पावड्या दाबते आणि हातांनी धोटा इकडून तिकडे धाडते. कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, लुगड्याला काठ काढायचा तर त्याची नक्षी आधी चौकटींच्या कागदावर मांडावी लागते. भरलेली चौकट म्हणजे धागा वर, रिकामी चौकट म्हणजे धागा खाली. त्या कागदाकडे बघत मागावरच्या लाकडी पट्ट्यांत खुंट्या बसवल्या की काठ आपला आपण उतरू लागतो. कागद चुकला तर काठ चुकतो.

असे एकशे बारा कागद आईने तीस वर्षांत भरले होते. प्रत्येकाला तिने ठेवलेलं नाव कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेलं. तांदूळदाणा. बगळ्याची रांग. बाभळीचा काटा. एकाचं नाव ‘मोठ्या जाऊचा राग’ असं होतं आणि त्या काठाचे दात खरंच तसे होते.

गेल्या वर्षी आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. विणताना तिला अडचण येत नाही, ते काम बोटं करतात. पण बारीक चौकटी भरायला बसली की एकीच्या दोन दिसतात. नवा कागद आता तिच्या हातून होणार नव्हता. आणि दिवाळी झाली की सहा बायका तिच्याकडे काठ शिकायला येणार होत्या. आजवर तिच्याकडे शिकायला कुणीच आलं नव्हतं, मीसुद्धा नाही. ती रोज बोटांवर दिवस मोजायची आणि ‘आधी त्यायले बगळे शिकवीन’ म्हणायची.

तर उन्हाळ्यात मी एक पुरोगामी काम केलं. आईचे सगळे कागद एक एक करून स्कॅन केले आणि साबणाच्या वडीएवढ्या हार्ड डिस्कमध्ये ठेवले. लॅपटॉप भरला होता म्हणून त्यावरून काढून टाकले. डिस्क हातात उंच धरून मी जाहीर केलं, “आई, आता कागदाची गुलामी संपली. सगळं ह्या डबीत आलं.”

“बरं,” आई म्हणाली. “कागद जाग्यावर ठेवजो.”

जागा म्हणजे पेटी. मी ते टेबलावर ठेवले.

त्याच आठवड्यात आमचं एक पत्रक अड्याळच्या बाजारात वाटायचं होतं. मथळा माझा: ‘पत्रिका कसल्या जुळवता? सिकलसेलची तपासणी जुळवा!’ आमच्या भागात हा आजार घरोघर आहे. लग्नाआधी दोघांनी रक्त तपासून घेतलं तर कितीतरी लेकरांचे हाल टळतील. पण लोक तपासतात गुण, नाडी आणि मंगळ. यावर मी इतक्या त्वेषाने लिहिलं होतं की बाबांनी तीन उद्गारचिन्हं काढून टाकली, तरी पाच उरली.

बाजार दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि घरातला कागद संपला. दुकानदार पुतण्याच्या लग्नाला गेलेला. लग्न अर्थातच पत्रिका जुळवून. तेव्हा टेबलावरचा गठ्ठा मला दिसला. एका बाजूला चौकटी, दुसरी बाजू कोरी. पाठकोरा कागद वाया घालवणं आमच्या घरात पाप समजतात. वीजबिलाच्या पाठीवर मोर्चाची आखणी होते, कॅलेंडरच्या पाठीवर फलक होतात. स्कॅन तर झालंच होतं. मी गठ्ठा प्रिंटरला लावला.

एकशे बारा पत्रकं. अड्याळच्या बाजारात एका तासात संपली. एकही जमिनीवर पडलेलं दिसलं नाही. मला वाटलं, समाज बदलतो आहे.

तुम्ही म्हणाल, डिस्कमधल्या फायलींची दुसरी प्रत का नाही ठेवली? मी पत्रकवाल्याच्या घरची. आमच्याकडे प्रत ही वाटायची वस्तू असते, ठेवायची नसते.

पोळा होऊन गेला होता, शेतांत धान निसवायला लागलं होतं. एका दुपारी बाबांना फोन आला. पत्रकात ज्या तपासणी शिबिराची मागणी केली होती, ते शिबिर होणार. आमची एक मागणी मान्य झाली! असं आमच्या घरात दर वर्षी होत नाही. मी टेबलाजवळच होते, डिस्क लॅपटॉपला जोडून एक जुना मजकूर शोधत होते. मी उडी मारली. वायर पायात अडकली. डिस्क टेबलावरून उडाली, मागाच्या चौकटीवर आपटली आणि तिथून खड्ड्यात, आईच्या पायांशी.

आईने धोटा थांबवला, वाकून डिस्क उचलली, पदराने पुसली आणि माझ्या हातात दिली. “उड्या मारायले आंगण आहे ना, बाई.”

मी वायर परत जोडली. आतून आवाज आला. टक. टक. टक. मग घर्र. मग पुन्हा टक, टक, टक. मी काढून पुन्हा जोडली. टक, टक, टक.

“ते काय वाजून राहिलं वो?” आई.

“काही नाही, चालू होऊन राहिलं.”

“चालू नाही होऊन राहिलं. त्याचा धोटा अडकला. जाते, धडकते, वापस येते. आयकू येत नाही का तुले? बंद कर.”

“आई, एकदाच अजून...”

“एकदा नाही अन् अर्ध्यांदा नाही. तुटल्या धाग्यावर कोणी माग चालवते का? जेवढा रेटशील तेवढं लुगडं फाटत जाईन. ओढ ते वायर.”

मी वायर ओढली. कॉम्प्युटरला हात न लावलेली बाई मला कॉम्प्युटर शिकवते आहे, म्हणून मनात जरा चिडलेच.

“एवढं तोंड काहून पाडलं?” आई परत मागावर बसली. “नाही चालत तर नाही चालत. माये कागद आहेत ना पेटीत.”

बाबांनी आतल्या खोलीतून जोरात खोकला काढला. तो खोकला ऐकून आईला कळलं. बाबा खोटं बोलत नाहीत, फक्त खोकतात.

“कुठी आहेत?”

मी सांगितलं.

“एकशे बाराही?”

“हो.”

“वाटून टाकले?”

“हो.”

“अन् लोकायनं घेतले?”

“सगळे घेतले, एकही उरला नाही!” बाबा उत्साहाने बाहेर आले. “पहिल्यांदाच असं झालं, तुले सांगतो...” मग आईचा चेहरा पाहून त्यांनी वाक्य तिथेच सोडलं आणि आत गेले.

आईने पावडी दाबली, धोटा फेकला. संध्याकाळपर्यंत ती विणत राहिली आणि आम्हा दोघांशी एक शब्द बोलली नाही. निषेध कसा करायचा ते मला त्या दिवशी समजलं. आमच्या सगळ्या पत्रकांत मिळून तेवढा जोर नव्हता.

सकाळी चहा ठेवताना ती एवढंच म्हणाली, “दिवाळीले पस्तीस दिवस रायले. बगळे पायजेत मले.”

मग उपाय सुरू झाले. शेजारच्या काकू म्हणाल्या, तांदळाच्या डब्यात पुरून ठेवा. चुलतभावाचा फोन आला, फ्रीजमध्ये ठेव आणि थंडगार झाली की लाव. पोस्टमन म्हणाला, बाजूने हळूच दोन चापट्या. त्याचा रेडिओ असाच चालतो. आईने कुणाचंच चालू दिलं नाही. तिने डिस्क कोशाच्या मऊ तुकड्यात गुंडाळली, स्टीलच्या डब्यात ठेवली, डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “ज्याले याच्यातलं समजते त्याच्याकडे ने. मधात कोणाले हात लावू देऊ नको. तुया बापाले त नाहीच.”

भंडाऱ्यात कॉम्प्युटर दुरुस्त करणारी एक बाई आहे, मेलेल्या डिस्कमधून फायली काढते, असं ऐकलं होतं. बाबा आणि मी बसने गेलो. दुकान एवढंसं, पण मागच्या खोलीत काचेचं एक कपाट होतं आणि त्यात जाळ्यांतून गाळलेली हवा सतत वाहत होती. बाई चाळिशीच्या, डोक्याला टोपी, बोलणं तुटक. दारावर पाटी: ‘तंबाखूचा खर्रा खाऊन आत येऊ नये.’

“पडली?”

“हो.”

“पडल्यावर किती वेळा चालू केली?”

“दोनदा. तिसऱ्यांदा आईने करू दिली नाही.”

त्यांनी पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं. “आई कॉम्प्युटरमधे आहेत?”

“मागावर आहेत.”

“त्यांना माझा नमस्कार सांगा. लोक पन्नास वेळा चालू करून करून आणतात. तोपर्यंत आत सगळी नांगरणी झालेली असते.”

त्यांनी एक उघडी, मेलेली डिस्क दाखवली. आत आरशासारखी चकती, आणि तिच्यावरून फिरणारा बारीक हात. हाताच्या टोकाला वाचणारं डोकं. ते चकतीला कधी टेकत नाही, केसापेक्षाही कमी अंतरावर तरंगतं. आमच्या डिस्कचं ते डोकं पडण्याने वाकलं होतं. म्हणून जागा सापडत नव्हती. जात होतं, धडकत होतं, परत येत होतं. आईने सांगितलं होतं ते शब्दाला शब्द.

“डोकं बदलावं लागेल. पण ते सुटं मिळत नाही. दुसऱ्या चालू डिस्कचं काढून हिला बसवायचं. अन् दुसरी म्हणजे कोणतीही नाही. देखो...” त्यांनी लेबलवर पेन ठेवला. “मॉडेल हेच पाहिजे. पुढचे हे आकडे हेच पाहिजेत. बनली तो देश हाच. तारीख फार तर दोन-तीन महिने इकडेतिकडे. बाहेरून सारखी दिसते म्हणून उचलून आणू नका. ही आता नवीन येत नाही. माझ्याजवळ नाही, नागपूरला विचारलं, तिथंही नाही. शोधा तुम्हीच.”

बाबा लेबलकडे बघत राहिले. “म्हणजे कूळ, गाव, जन्मतारीख. ही त पत्रिका जुळवणं झालं, बाई.”

“बाबा!”

“छत्तीस गुण पायजेत का कमीत चालते?” त्यांनी बाईंना विचारलं.

“छत्तीसच,” बाई न हसता म्हणाल्या.

पत्रिकेविरुद्ध पाच उद्गारचिन्हांचं पत्रक लिहिणाऱ्या मी त्या दिवशी बसमध्ये बसून पुढचं पत्रक लिहिलं. ‘पाहिजे! पाहिजे! पाहिजे! आमच्या जखमी हार्ड डिस्कसाठी त्याच कुळातली, त्याच देशात जन्मलेली, सुदृढ हार्ड डिस्क पाहिजे.’ खाली सगळे आकडे ठळक. बाबांनी हट्टाने कोपऱ्यात ‘मध्यस्थ क्षमस्व’ टाकलं. छापलं कोऱ्या कागदावर. घरातला प्रत्येक पाठकोरा कागद आईने आता कुलपात ठेवला होता.

अड्याळच्या बाजारात आम्ही ते वाटलं आणि फोन सुरू झाले. एकाकडे सेटटॉप बॉक्स होता. एकाकडे इस्त्री. एका बाईंनी पहिल्या दोन ओळी वाचून थेट विचारलं, “पोरगी काय करते?” मी म्हणाले, “पोरगी बंद पडली आहे.” मग त्या हळूच म्हणाल्या, “डॉक्टरले दाखवलं का?”

कोंढ्याला मात्र खरं स्थळ निघालं. ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या एका दादांकडे अगदी आमच्यासारखी डिस्क होती. आम्ही गेलो तर पोहे, चहा, पाण्याचे दोन तांबे. आतलं लेबल पाहायचं म्हणजे वरची डबी उघडावी लागते. बाबांनी खिशातून जुनं एटीएम कार्ड काढलं आणि कड उचकटताना म्हणाले, “चला, मुखदर्शन होऊ द्या.” दादा लाजले. मॉडेल जुळलं. देश जुळला. पुढचे आकडे जुळले. तारीख पाहिली तर चार वर्षांचं अंतर.

“चार वर्षांचा फरक त चालते,” दादांची आई स्वयंपाकघरातून म्हणाली. “आमच्यात दहाचाही चालला.”

“तुमचं निभलं,” बाबा म्हणाले. “हिचं नाही निभणार.”

घरी येऊन आईला सांगितलं. तिने पोह्यांत शेंगदाणे होते का एवढं विचारलं आणि म्हणाली, “बावीस दिवस.”

मग नाकाडोंगरीहून फोन. खाणीत कारकून होते असे एक निवृत्त काका. आमचं पत्रक त्यांच्या मेहुणीच्या हातून तिकडे पोचलं होतं. त्यांनी वरची डबी उघडून आतल्या लेबलवरचे आकडे एक एक करून वाचले, बाबा बरोबरच्या खुणा करत गेले, आणि शेवटची खूण करून फोन तसाच धरून नाचायला लागले. तारखेत नऊ दिवसांचा फरक! “अंगणात,” आई म्हणाली. बाबा नाचत अंगणात गेले.

पवनी जिल्ह्याच्या या टोकाला तर नाकाडोंगरी त्या टोकाला, पार जंगलाच्या कडेला. भंडारा, तुमसर असं करत आम्ही पोचलो. काका दारातच उभे, धोतर कडक इस्त्रीचं. काकूंनी पाय धुवायला पाणी दिलं. मी वाकून पाय धुतले, मान वर केली आणि तशीच राहिले.

दारावर मण्यांचं तोरण होतं. पांढऱ्या आणि हिरव्या मण्यांचं. ते मी ओळखत होते. आमच्या घरात ते लुगड्याच्या काठावर उतरताना मी लहानपणापासून पाहिलं होतं.

“बाबा,” मी म्हणाले. “तांदूळदाणा.”

बाबांनी चष्मा पुसला, लावला, परत पुसला.

“आवडलं का?” काकू खुश झाल्या. “म्याच केलं. उन्हाळ्यात बहिणीनं अड्याळहून कागद आणून देल्ला. भल्ली सुंदर नक्षी होती त्याच्यावर, चौकटी चौकटींची. मणी मोजून ओवत गेली.” त्या आत जाऊन पोथीतून घडी केलेला कागद घेऊन आल्या. “हा पाहा. जपून ठेवला.”

चौकटींची बाजू. कोपऱ्यात आईची पेन्सिल. मी तो हळूच उलटला. माझा मथळा. माझी पाच उद्गारचिन्हं.

“हे पत्रक मी लिहिलंय, काकू!” माझा आवाज चढलाच. “वाचलं तुम्ही?”

“ते होय?” काकूंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “ते नाही वाचलं, माय. ते मागच्या बाजूनं होतं.”

बाबा इतके हसले की त्यांना उंबऱ्यावर बसावं लागलं. “म्हणून संपली होती! एका तासात संपली! बायकायनं नक्षीसाठी उचलली!” मला रडावं की हसावं कळेना. समाज बदलत नव्हता, तोरणं ओवत होता. मग एकदम लख्ख कळलं आणि मी भर दारात बाबांचे दोन्ही हात धरून गरगर फिरले. फेकलेला कागद कुणी पोथीत ठेवत नाही. सुंदर म्हणून उचललेले कागद अजून कुठे कुठे, डब्यांत, पोथ्यांत, उशांखाली असतीलच.

आता डिस्क. काकांनी ती मखमली पिशवीतून काढली आणि एकच अट सांगितली. हिच्यातलं सगळं आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवून द्यायचं, एक तुकडाही हरवता कामा नये. अट रास्तच होती, कारण एकीचं डोकं काढलं की ती संपते. आम्ही लॅपटॉप आणि नवी डिस्क बरोबर नेली होती. मी फायली उघडल्या. सगळे काकांचे फोटो. गावच्या दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, काका अकरा वर्षं नायिका होत होते. शालू, गजरा, नथ, आणि मिशी काढलेले काका.

“मिशी दर साली काढाची अन् दर साली वाढवाची,” काकू म्हणाल्या. “माझ्यापेक्षा चांगला पदर घेतात.”

प्रत उतरायला दुपार लागली आणि तेवढा वेळ आम्ही नायिकेचे अकरा अवतार पाहिले. निघताना काकूंनी डिस्कला हळद-कुंकू लावलं, वर चार अक्षता टाकल्या आणि डोळे पुसले. “सांभाळजा तिले. अकरा वर्षं होती घरात.” अंधश्रद्धेवर माझी स्वतःची तीन पत्रकं आहेत. पण मी ओंजळ पुढे केली आणि ती घेतली.

भंडाऱ्याला बाईंनी पिशवी उघडली आणि ओरडल्या. “हळद? माझ्या खोलीत हळद? एक कण चकतीवर बसला तर डोंगर होतो त्याचा! बाहेर! आधी बाहेर!” अंगणात उभं राहून त्यांनी वरची डबी काढून टाकली, आतली डिस्क तीनदा पुसली आणि मगच कपाटात नेली. बाबा आणि मी काचेबाहेर. श्वाससुद्धा जपून.

त्यांचे हात मला आईच्या हातांसारखे वाटले. घाई नाही, थरथर नाही. चकतीच्या वरचं आणि खालचं डोकं एकमेकांना चिकटू नये म्हणून मध्ये प्लॅस्टिकची इवलीशी पट्टी, स्क्रू काढले, काकांच्या डिस्कचा हात उचलला, आमच्या डिस्कमध्ये बसवला, झाकण लावलं. वायर जोडली.

मी टक ऐकायची वाट पाहत होते. टक आलीच नाही. आला तो सरळ, बारीक गुणगुणता आवाज, माग नीट लागल्यावर येतो तसा. बाबांनी मला मिठी मारली आणि मी...

“उडी मारू नका!” बाई आतून ओरडल्या. “उडीनंच झालं होतं ना सगळं!”

दोन दिवस त्यांनी डिस्क थोडी थोडी वाचली, जिथे अडली तिथे सोडून पुढे, मग परत मागे. एकशे बारांपैकी त्र्याण्णव कागद निघाले. पडताना डोकं चकतीवर जिथे घासलं होतं, तिथले एकोणीस गेले. ‘मोठ्या जाऊचा राग’ शाबूत होता, तो जाईल अशी भीती कुणालाच नव्हती. बगळ्याची रांग गेली.

दिवाळीला तीन दिवस उरले असताना आम्ही त्र्याण्णव कागद मोठ्या चौकटींत छापून आईसमोर ठेवले. वर तांदूळदाण्याचा मूळ कागद. काकूंनी तो परत दिला होता, बदल्यात मी त्यांना छापील प्रत पाठवणार होते. एका प्रतीच्या जागी आता आम्ही तीन प्रती ठेवतो, त्यातली एक नाकाडोंगरीला.

आईने मूळ कागद हातात घेतला, उजेडाला धरला. माझं पत्रक तिच्या चेहऱ्यावर उलटं उमटलं होतं.

“हा त निघाला ना डिस्कातून?”

“हो, निघाला.”

“मंग हाच काहून आणला? बगळे आणाचे होते.” ती हसत होती. पण कागद चाळताना ती एका एका नावाशी थांबत होती, आणि शेवटचा कागद ठेवल्यावर पुन्हा पहिल्यापासून चाळायला लागली. काय शोधते आहे ते मला माहीत होतं.

सहा बायका आल्या. तांदूळदाण्यापासून सुरुवात झाली, पहिल्या काठात दोन दाणे वाकडे आले, आईने उसवून घेतले. रोज कुणीतरी विचारतं, “बगळे कधी शिकवता, काकू?” आणि आई माझ्याकडे बघते. फक्त बघते. तो निषेध अजून चालू आहे.

म्हणून तुम्हाला सांगायचं आहे. गेल्या उन्हाळ्यात अड्याळच्या बाजारातून तुमच्या घरी एक पत्रक आलं असेल. कदाचित तुम्ही नाही, तुमच्या वहिनीने आणलं असेल, नक्षी आवडली म्हणून. आज घरातले डबे उचला. फडताळातले कागद, पोथ्या, लेकरांच्या वह्यांची वेष्टणं, देवाच्या फोटोमागची जागा बघा. जो छापील कागद सापडेल तो उलटा. मागे बारीक चौकटी असतील आणि कोपऱ्यात पेन्सिलीने नाव असेल, तर तो आमच्या आईचा आहे. तेलाचा डाग असला तरी चालेल, पुसू नका. घडी घालू नका, गुंडाळी करा आणि बाजाराच्या दिवशी अड्याळला घेऊन या. पत्रकं वाटणारी एक मुलगी आणि तिचे बाबा तिथे असतात, दुरून ऐकू येतात. कागदाची प्रत आम्ही तुम्हाला देऊ, तोरण तुमचंच राहील. आणि देण्याआधी, एवढं माझं ऐका, पुढची बाजूही एकदा वाचून घ्या.